मांजरांचा रुसवा मनाला लावून घेऊ नकोस

निफाड, १२ जानेवारी

चि. छकुलीस,


पुण्याला सुखरूप पोचलीस, बरं वाटलं. पण मनीने पाठ फिरवली, बोका फिस्कारून कपाटावर जाऊन बसला, म्हणून तू रडलीस म्हणे. लहानपणीचं घर बघायला दोन दिवस गेले त्याची ही शिक्षा, असं फोनवर म्हणालीस. अगं, मांजरं कसली शिक्षा देतात!

इथे आमची भाटी दोन्ही रात्री तुझ्या बॅगेत झोपली होती. तो वास घेऊन तू त्यांच्या घरात शिरलीस. मांजर आधी नाकाने ओळखतं, मग डोळ्यांनी. कपडे धुवायला टाक, बॅग गॅलरीत उन्हात ठेव. उचलून घ्यायला धावू नकोस. जमिनीवर बैस आणि खुशाल पेपर वाच. मांजराच्या गालांत वासाच्या ग्रंथी असतात. गाल घासून ती तुला पुन्हा आपल्या वासाची करून घेतील. जेवण नेहमीचं, नेहमीच्या वेळी. माफी मागायची म्हणून भलतंसलतं खाऊ घालशील तर पोटं बिघडतील.

आणि हे नीट वाच. तुझ्या पिशवीत मी कांदे आणि बेदाणे भरले. निफाडचं माणूस आणखी काय देणार! पण कांदा मांजराला विषच आहे, कच्चा असो की शिजवलेला; रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वजनाच्या दर किलोमागे ५ ग्रॅमसुद्धा बाधतो, म्हणजे चार किलोच्या मांजराला मध्यम कांद्याची एखादी फोड पुरे. लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात: हिरड्या पांढुरक्या, लघवी लालसर. रश्शाचं ताट उघडं ठेवू नकोस. बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, मांजरांच्या बाबतीतही धोका नको, म्हणून तेही डब्यात बंद.

फुरंगटणं वेगळं, आजार वेगळा. दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना दाखव. बोका मातीच्या ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नकोस, रात्रीच ने.

आता यापुढे कुठे जाणारच नाही, हे जे म्हणालीस ते मला मुळीच पटलं नाही. नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर पक्षी बघत तू तासभर गप्प बसली होतीस. तुझ्या लहानपणी आपल्या लेखी ते नुसतं धरणाचं पाणी होतं. २०२० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेलं ते राज्यातलं पहिलं ठिकाण. तुझा चेहरा तेव्हा किती निवांत होता, मी पाहिलाय.

द्राक्षं उतरतील तेव्हा फेब्रुवारीत परत ये. मांजरांना मात्र आणू नकोस, घर सुटलं की ती बिथरतात. शेजारणीकडे किल्ली दे. दोन वेळा येऊन तिने खायला घालावं, ट्रे साफ करावा, घटकाभर बसावं. तुझा एखादा न धुतलेला गाऊन त्यांच्या अंथरुणावर टाकून ये. आणि स्वेटर जाड आण. इथल्या कुंदेवाडीचा उतरलेला पारा रोज पेपरात येतोय, बागांमधून पहाटे शेकोट्या पेटताहेत.

तुझी,
काकू