मुक्या जिवाचे देणे

दौंडच्या रेल्वे वसाहतीपासून हाकेच्या अंतरावर माझे एक स्नेही राहतात. रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले. पत्नी निवर्तली, मुले पुण्यात स्थायिक झाली. घरात सोबतीला उरला तो मुलाने पिलू असताना आणून दिलेला रॉटवायलर जातीचा कुत्रा. आठव्या वर्षी तो पुढच्या पायाने लंगडू लागला. मुरगळला असेल म्हणून तेल चोळून पाहिले. पण सूज उतरेना, तेव्हा पुण्याला नेऊन एक्स-रे काढला. हाडाचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. एक म्हणजे पाय काढून टाकायचा आणि पुढे केमोथेरपी द्यायची. दुसरा म्हणजे वेदनाशामक औषधांवर ठेवायचे आणि वेदना आवरेनाशा झाल्या की शांतपणे निरोप द्यायचा. पहिला मार्ग पत्करला तरी बहुतेक कुत्री जेमतेम वर्षभर काढतात, हेही त्यांनी लपवले नाही. खर्चाचा आकडा कित्येक महिन्यांच्या निवृत्तिवेतनाइतका होता.

शेजारी म्हणाला, "काका, इथे माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्यावर पैसे ओतणार?" ते वाक्य त्यांच्या मनाला लागले. रविवारी मिस्सा संपल्यावर मला बाजूला घेऊन त्यांनी विचारले, "मास्तर, हा खर्च केला तर ते पाप होईल का? आणि नाही केला तर?"

प्रश्नाचा पूर्वार्ध पुष्कळांनी विचारलेला आहे. उत्तरार्धाने मात्र मला अनेक दिवस स्वस्थ बसू दिले नाही. आपण मुक्या जिवाचे काही देणे लागतो का? लागत असू, तर किती?

या संदर्भात झंजीरची आठवण होते. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला हा लॅब्रडॉर पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झाला होता. १९९३ सालच्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स हुंगून काढल्याची नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये तो हाडाच्या कर्करोगानेच गेला आणि पोलीस दलाने त्याला सन्मानाने अखेरचा निरोप दिला. त्याच्या उपचारांवर झालेल्या खर्चाबद्दल कुणी नाक मुरडले असेल, असे वाटत नाही. कारण उघड आहे, तो उपयोगी पडला होता. पण प्राण्याचा हक्क केवळ त्याच्या उपयोगावर ठरत असेल, तर ते देणे नव्हे, मजुरी झाली. दौंडच्या कुत्र्याने कुठलाही बॉम्ब शोधला नव्हता. एका एकाकी माणसाच्या पायाशी तो आठ वर्षे बसून राहिला होता, एवढेच.

विज्ञानाने या प्रश्नाला एक निराळी बाजू जोडली आहे. ताशा नावाच्या बॉक्सर जातीच्या कुत्रीचा जनुकसंच डिसेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कुत्र्यांच्या आजारांची मुळे शोधणे सुकर झाले. पुढे २०१३ साली ग्रेहाउंड, रॉटवायलर आणि आयरिश वुल्फहाउंड या तीन जातींचा अभ्यास झाला. हाडाच्या कर्करोगाशी निगडित अशा ३३ जागा त्यांच्या जनुकसंचात आढळल्या. आज आपण पाहतो त्यांपैकी बहुतेक जाती गेल्या दोनेकशे वर्षांत माणसाने हौसेने घडवल्या आहेत. हवी ती उंची, हवी ती छाती, हवा तो जबडा मिळावा म्हणून नात्यातल्या नात्यात संकर केले गेले. हव्या त्या गुणांबरोबर नको ते दोषही पिढ्यान् पिढ्या घट्ट होत गेले. म्हणजे त्या कुत्र्याच्या दुखण्यात आपल्या आवडीनिवडीचाही हात आहे. ज्याच्या दुखण्यात आपला हात आहे, त्याची शुश्रूषा ही भूतदया राहत नाही. ती जबाबदारी होते.

गावठी कुत्र्याचे काय, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर मला शिरूर तालुक्यात मिळाले. भीमा ओलांडून न्हावऱ्यामार्गे गेले की घोड नदीच्या काठी माझ्या मावसभावाची वस्ती लागते. तिथे कुणाच्याही मालकीची नसलेली एक कुत्री राहते. रात्री उसात बिबट्या फिरकला की पहिली भुंकते ती हीच. तिच्या अंगावर रक्ताळलेली गाठ दिसली. हा कर्करोग विलक्षण आहे. एरवी कर्करोग शरीराबरोबर संपतो. इथे मात्र त्याच्या जिवंत पेशीच मीलनातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात. केंब्रिजच्या संशोधकांच्या पुढाकाराने ४३ देशांतील ५४६ गाठींची जनुकीय तपासणी होऊन २०१९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी आशियातल्या एका कुत्र्याच्या देहात ही व्याधी उपजली आणि आजची प्रत्येक गाठ त्याच पेशींची वंशज आहे. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी ती युरोपीय लोकांच्या गलबतांतून अमेरिकेला पोहोचली. माणूस जिथे कुत्र्याला घेऊन गेला, तिथे हा रोगही गेला.

तिच्यावरचे औषध मात्र साधे आहे. व्हिन्क्रिस्टीनचे इंजेक्शन आठवड्यातून एकदा, बहुधा चार ते सहा वेळा. आपल्या अंगणात मुद्दाम न लावताही फुलणाऱ्या सदाफुलीपासून ते मिळते आणि रक्ताचा कर्करोग झालेल्या बालकांनाही हेच दिले जाते. मावसभावाने फारसा विचार न करता खर्च केला. पाच इंजेक्शनांत कुत्री बरी झाली.

माणूस की कुत्रा, असा सरळ सामना शेजाऱ्याने मांडला होता. वास्तव तसे नाही. हाडाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या कुत्र्यांवर पारखलेले मिफाम्युरटाइड हे औषध २००९ साली युरोपात मुलांसाठी आणि तरुणांसाठी मान्य झाले. मात्र इथे एक भेद विसरता कामा नये. १८७६ साली नोविन्स्की या रशियन पशुवैद्याने एका कुत्र्याची गाठ दुसऱ्या निरोगी कुत्र्याच्या अंगात रुजवली. त्यातून ज्ञान मिळाले. पण ज्याला आजार नव्हता, त्याला तो दिला गेला. २०१२ पासून अमेरिकेत तीन हजारांहून अधिक गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांची आयुष्यभराची तपासणी सुरू झाली, तीत कुत्री आपापल्या घरीच राहतात. पहिल्या उदाहरणात प्राणी केवळ साधन होता. दुसऱ्यात आपण त्याच्याकडून शिकतो, पण त्याचे घर हिरावून घेत नाही.

आपल्या धर्मशिक्षणात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. १९९२ सालच्या कॅटेकिझमने प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे मानवी प्रतिष्ठेला बाधक मानले, प्रयोगांना वाजवी मर्यादा घातली; आणि मानवी दुःखनिवारणासाठी आधी खर्चायला हवा तो पैसा प्राण्यांवर उधळणेही अनुचित ठरवले. शेजाऱ्याच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इथे. कुणाच्या औषधाचा वा मुलाच्या फीचा पैसा असेल, तर तो आधी तिथेच गेला पाहिजे. पण लग्नाच्या बँडवर आणि फटाक्यांवर पैसे उडताना हा प्रश्न आपल्याला सुचत नाही, कुत्रा आजारी पडला की नेमका सुचतो. याचाही विचार व्हावा.

मी स्नेह्यांना एवढेच म्हणालो, "आयुष्याच्या महिन्यांचा हिशेब आपला आहे, त्याचा नाही. त्याला आजची वेदना कळते आणि आज तुम्ही जवळ आहात, हे कळते. वेदना शमवणे आणि सोबत करणे हे तुमचे देणे आहे. त्याला परिस्थितीची सबब नाही. त्यापुढचे ऐपतीचे आणि विवेकाचे." तीन पायांवरही कुत्री चांगली हिंडतात, म्हणून शस्त्रक्रिया ही क्रूरता आहे, असे मी म्हटले नाही. पण त्यांच्या कुत्र्याचे मागचे पाय संधिवाताने आधीच थकले होते. त्यांनी दुसरा मार्ग स्वीकारला.

कुत्रा दहा आठवडे जगला. संत नामदेवांच्या कथेत कुत्रा कोरडी भाकरी घेऊन पळतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात. इथे पळण्याचे बळ कुत्र्यात राहिले नव्हते. स्नेही भाकरी दुधात कुस्करून त्याच्या तोंडाशी धरीत. अखेरच्या सकाळी डॉक्टर घरी आले, तेव्हा त्याचे डोके त्यांच्या मांडीवर होते.

परसातला खड्डा शेजाऱ्याने खणू लागला. काही बोलला नाही. माझे स्नेही अजूनही अधूनमधून विचारतात, "मास्तर, पाय काढला असता तर?" मी त्यांना उत्तर देत नाही. प्रामाणिकपणे देणे फेडणाऱ्यालाच ते पुरते फिटले की नाही, ही शंका उरते.