हिमकण कुणाचे?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १०, श्लोक ३४ आणि ३५.

यातला ३५वा श्लोक मार्गशीर्ष लागला की आपल्या सगळ्यांच्या स्टेटसवर दिसतो. महिन्यांमध्ये मी मार्गशीर्ष आणि ऋतूंमध्ये वसंत, असं भगवान अर्जुनाला तिथे सांगतात. पुढे थंडी वाढली की फोनवर आणखी एक गोष्ट यायला लागते, महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचे पहाटेचे फोटो. पांढरंशुभ्र गवत, गाड्यांच्या टपांवर साचलेले हिमकण आणि मागून येणारं कोवळं ऊन. आपल्या बदलापूर-अंबरनाथला पारा मुंबईपेक्षा खाली उतरतो, पण दव काही गोठत नाही. म्हणून इथली कितीतरी पोरं रात्रीच निघून वेण्णा तलावावर सूर्योदय गाठतात. मलाही हा नाद आहे. त्या प्रकाशात उभं राहिलं की हात आपोआप जोडले जातात, हे खरं.

पण एक प्रश्न मनातून जात नाही. ज्या हिमकणांसमोर माझे हात जोडले जातात, तेच हिमकण शेजारच्या शेतात काय करत असतात?

आभाळ निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर रात्रभर जमीन आपली उष्णता आकाशात सोडत राहते. थंड हवा जड असते, ती उतरून सखल जागी साचते. हवेतला पारा शून्याच्या वर असला तरी पानाचा पृष्ठभाग त्याहून गार होतो आणि त्यावरचं दव गोठतं. वेण्णा तलावाच्या आसपासच स्ट्रॉबेरीची शेतं आहेत. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेली हीच ती महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. कडक गोठण झाली तर उमललेल्या फुलाचा मधला भाग काळा पडतो, आणि अशा फुलाला फळ धरत नाही. आपण कॅमेऱ्याचा फोकस जुळवत असतो, तेव्हा शेतकरी वाफ्यांवर काही झाकता येईल का, पाणी मारून पीक वाचेल का, या विवंचनेत असतो. पहाट एकच, थंडी एकच. आपल्यासाठी तो फोटो, त्याच्यासाठी हंगामाची कमाई.

मग सौंदर्य पाहून आनंद होणं हा दोष आहे का? मला तसं वाटत नाही. मी उदास झाल्याने एकही फूल वाचणार नाही. आणि सौंदर्यात देव दिसतो, हे तर खुद्द दहावा अध्यायच सांगतो. अर्जुन विचारतो, तुझं चिंतन मी कशाकशात करू? त्यावर भगवान सूर्य, हिमालय, सागर, गंगा अशी एकेक विभूती सांगत जातात.

पण मित्रांनो, मार्गशीर्षाच्या श्लोकाआधीचा, ३४वा श्लोक आपण स्टेटसला ठेवत नाही. तिथे भगवान म्हणतात, सगळं हिरावून नेणारा मृत्यू मी आहे आणि पुढे जन्माला येणाऱ्या गोष्टींचा उगमही मीच आहे. आधी मृत्यू, मग मार्गशीर्ष आणि वसंत. या यादीतून आपल्याला आवडेल तेवढंच उचलायची सोय भगवंतांनी ठेवलेली नाही. पांढरं गवत त्याचं, तसंच काळं पडलेलं फूलही त्याचंच.

इथे एक पळवाट मात्र आहे. "सगळं देवाचंच आहे, मग मी कशाला चिंता करू?" असं म्हणून मोकळं होता येतं. सहावा अध्याय ती वाट बंद करतो. ३२व्या श्लोकात श्रेष्ठ योगी कोण ते सांगितलंय : जो दुसऱ्याचं सुख आणि दुःख स्वतःच्याच मापाने मोजतो तो. म्हणजे "देव सर्वत्र आहे" हे पटलंय की नाही, याची परीक्षा दुसऱ्याच्या नुकसानीशी आहे. ते नुकसान मला माझं वाटतं का?

ही परीक्षा द्यायला महाबळेश्वरपर्यंत जायची गरज नाही. थंडीत आपल्याकडेही जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली अडकते, आणि तिच्यासोबत धूरही. धुक्यातून वर येणारा लालबुंद सूर्य फोटोत देखणा दिसतो. त्याच धुरकट हवेत कुणाचा तरी दमा उसळलेला असतो, आणि कुणीतरी उघड्यावर रात्र काढून उठत असतं.

अंबरनाथचं शिवमंदिर आठवा. १०६० सालचा शिलालेख असलेलं, शिलाहारांच्या काळातलं. बाहेरचं कोरीवकाम उजेडात आहे, त्याचे फोटो सगळेच काढतात. पण महादेवाचं दर्शन हवं असेल, तर पायऱ्या उतरून खाली काळोख्या गाभाऱ्यात जावं लागतं. बाहेरची शिल्पं खोटी नाहीत, पण दर्शन तिथे पूर्ण होत नाही. हिमकणांचंही तसंच आहे.

म्हणून आजची छोटीशी साधना. फोटो जरूर काढा. फक्त फ्रेमसाठी कुणाच्या वाफ्यात पाय टाकू नका. क्लिक झाल्यावर मिनिटभर फोन खिशात ठेवा आणि फ्रेमच्या बाहेर कोण उभं आहे ते बघा. बोलता आलं तर विचारा, "दादा, यंदा पीक कसं आहे?" उत्तर पूर्ण ऐका. आणि त्यांच्याकडून स्ट्रॉबेरी घेतलीत, तर त्या दिवशी घासाघीस करू नका.

राम कृष्ण हरी.