कॉन्सुलची पत्रं वाचताना

चि. भाचीस,


स्पेनमधल्या कादिझ आणि मालागा बंदरांतल्या अमेरिकी कॉन्सुलांवर प्रबंध लिहायचं ठरवलंस, हे वाचून मनापासून आनंद झाला. माझं एक ऐक. त्यांची पत्रं उघडशील तेव्हा लिहिणाऱ्याचं पोट कशावर चालायचं, ते आधी बघ.

१७९२ च्या अमेरिकी कायद्याने कॉन्सुलांवर कामं पुष्कळ टाकली. कप्तानाची तक्रार नोंदवायची, फुटलेल्या जहाजातला माल सांभाळायचा, तिथे वारलेल्या देशबांधवाच्या मालमत्तेची व्यवस्था लावायची. पगार मात्र उत्तर आफ्रिकेच्या बार्बरी किनाऱ्यावरच्यांनाच. इतरांना दाखल्यामागे थोडी फी. म्हणून कॉन्सुल बहुधा स्वतःच व्यापारी असे. अडकलेल्या जहाजाबद्दल तो कळवळून लिहितो तेव्हा त्यात त्याचाही माल होता का, हे शोध. असला, तरी लगेच त्याला लबाड ठरवू नकोस. आपलं आणि परक्याचं नुकसान त्याला एकदमच दिसत होतं, आणि त्यामुळे तो बारकाईने लिही.

खरी गुंतागुंत १७९६ नंतरची. स्पेन फ्रान्सच्या बाजूने युद्धात उतरला. फ्रेंच खाजगी लढाऊ जहाजं अमेरिकी गलबतं धरून स्पॅनिश बंदरांत आणत, आणि तिथला फ्रेंच कॉन्सुलच ती जप्त ठरवी! आपल्या हद्दीतल्या अमेरिकी जहाजांचं रक्षण करू, असं स्पेनने १७९५ च्या सान लोरेन्झो तहात कबूल केलं होतं. म्हणून या फ्रेंच जप्त्यांची भरपाईही अमेरिकेने स्पेनकडे मागितली. स्पॅनिश जहाजांनी केलेल्या जप्त्या हा याहून वेगळा दावा. दोन्ही देशांच्या १८०२ च्या करारात फ्रेंच जप्त्यांचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. अखेर १८१९ च्या तहात अमेरिकेने स्पेनवरचे हे दावे सोडले आणि आपल्या नागरिकांना जास्तीत जास्त ५० लाख डॉलर स्वतः द्यायचं मान्य केलं. तेव्हा ‘स्पेनने जहाजं पकडली’ असं सरसकट लिहू नकोस. कोणी धरलं, कुठल्या बंदरात नेलं, निवाडा कोणी दिला, हे प्रत्येक जहाजापुढे वेगळं मांड.

आणि खलाशांना विसरू नकोस. त्याच १७९२ च्या कायद्याप्रमाणे आजारी किंवा निराधार खलाशावर कॉन्सुलने दिवसाला १२ सेंटपर्यंत खर्च करायचा, आणि मायदेशी निघालेल्या कप्तानाने त्याला फुकट न्यायचं. नाकारलं तर माणशी ३० डॉलर दंड. मालाच्या भांडणांत व्यापाऱ्यांची नावं ठळक असतात, खलाशाचं नाव अशा खर्चाच्या हिशेबातच सापडण्याची आशा. तसले हिशेब मिळाले तर आधी त्यांची नक्कल करून घे, आणि एक प्रत मला पाठव.

तुझा,
मामा