‘चालतंय ना?’ एवढंच पुरेसं आहे का?

‘माझ्या घरात मी काय करायचं ते मी ठरवणार’ या वाक्यावर सहसा कुणी वाद घालत नाही. भिंतीचा रंग, सोफ्याची जागा, यात शेजाऱ्यानं नाक खुपसायचं कारण नाही. पण काही वस्तू घरात असूनही पूर्ण घरच्या नसतात. इंटरनेटची वायर त्यातलीच.

मी न्यू जर्सीत राहतो. इथे अजूनही असंख्य घरांत ब्रॉडबँड येतं ते टीव्ही केबलच्या जाड, गोल वायरीतून, म्हणजे कोअ‍ॅक्सियलमधून. आमचा मॉडेम हॉलमध्ये होता आणि कामाची खोली वर. तंत्रज्ञाला बोलावण्याऐवजी मीच तळघरातून नवी आरजी-६ वायर वर नेली. काम अवघड नाही. आवरण सोलायचं, आतली जाळी मागे दुमडायची, मधली तार थोडी पुढे ठेवायची, कनेक्टर चढवायचा आणि खास पकडीनं दाबायचा. वायरीला काटकोनात मोडायचं नाही. तासाभरात मॉडेमचे दिवे लागले. चालतंय ना? चालतंय. मग झालं!

नियमही माझ्या बाजूचा होता. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननं स्वतंत्र घरासाठी केबल कंपनीची हद्द ठरवली आहे ती वायर घरात शिरते तिथून बाहेर साधारण १२ इंचांवर. त्याच्या अलीकडचा कारभार आपला.

सिग्नलला मात्र ही हद्द कळत नाही. कोअ‍ॅक्सियलच्या जाळ्यात एका भागातली कितीतरी घरं एकाच वाटेवर असतात. कंपनीकडून येणारा सिग्नल सगळ्यांना वाटला जातो आणि घरांकडून जाणारा एकत्र होत जातो, नरसाळ्यात पाणी उतरावं तसा. कुणाच्या घरी कनेक्टर सैल असेल, स्प्लिटरचं एखादं तोंड उघडं असेल, तर तिथून मोटारींची, रेडिओची खरखर आत शिरते आणि सगळ्यांच्या परतीच्या वाटेवर पसरते. चार घरं सोडून कुणाची मुलाखत अडखळते, कुणाचा आईशी चाललेला व्हिडिओ कॉल गोठतो. ज्याच्या घरून खरखर शिरली, त्याचा मॉडेम कदाचित खुशाल चालू असतो. दोष कुठल्या घरात आहे, हे तंत्रज्ञाला एकेक फांदी तपासत शोधावं लागतं.

आपल्याकडे नळाला थेट मोटर लावून पाणी खेचणारे असतात. त्यांचं चुकतं हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही. शेजारची बादली रिकामी दिसते. वायरीचा प्रश्न अवघड अशासाठी, की इथे हेतू वाईट नाही, नुकसान दिसत नाही आणि एका घराचा वाटा बहुधा नगण्य असतो.

डेरेक पारफिट या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९८४च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’मध्ये नेमक्या याच पळवाटेवर बोट ठेवलं. माझ्या एकट्याच्या कृतीनं कुणाला जाणवेल इतकंही नुकसान होत नाही, म्हणून ती निर्दोष, हा हिशोब त्यानं चुकीचा ठरवला. अनेकांच्या न जाणवणाऱ्या कृती मिळून खरी इजा करत असतील, तर त्यातला माझा वाटा ‘शून्य’ म्हणून सोडून देता येत नाही.

मग स्वतः काही करूच नये का? मला तसं वाटत नाही. घाईतला तंत्रज्ञही कनेक्टर सैल सोडू शकतो, आणि स्वतःच्या हातानं काम करण्यातला आनंद खरा असतो. पण ‘मी करीन’ म्हटलं की त्या कामाचा शेवटचा जबाबदार माणूस मीच होतो. तेव्हा ‘मला जमेल का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘नीट झालं नसेल तर मला कळेल का?’ हेही विचारावं लागतं. आणि जिथे कळणार नाही, तिथे ‘चालतंय ना’ हे उत्तर फक्त माझ्यापुरतं खरं असतं.

स्प्लिटरच्या रिकाम्या तोंडावर लावायला ७५ ओहमचं छोटं टोपण मिळतं. ते लावल्यानं माझा वेग वाढेलच असं नाही. फरक पडलाच तर तो अशा कुणाला, ज्याला तो कुणामुळे पडला हे कधीच समजणार नाही. मला वाटतं, शेजारधर्माचा बराचसा भाग अशाच, कुणी आभार न मानणाऱ्या कामांचा असतो.