लेकराचे दुखणे कोणाच्या खात्यावर?

कीर्तन संपले, आरती झाली, की मंडळी पाया पडून घराकडे वळतात. त्या गर्दीत जो मागे रेंगाळतो, त्याच्याजवळ खरा प्रश्न असतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या सेवेत मोक्षाविषयी मला फार थोड्यांनी विचारले. लेकरांविषयी विचारणारे पुष्कळ. भडगावकडे, गिरणाकाठच्या एका गावी काल्याच्या दिवशी एक माउली तीन वर्षांचे पोर कडेवर घेऊन अशीच थांबली होती. पोर मध्येच हातपाय धरून किंचाळायचे, कधी पोट धरायचे, दोन-चार दिवस तळमळायचे आणि मग आपोआप खेळायला लागायचे. दवाखाना झाला, भगत झाला, मीठमोहऱ्या उतरवून झाल्या. शेजारणीने सांगितले होते की मागल्या जन्माचे आहे, भोगूनच सरेल. बाईने मला एवढेच विचारले, "महाराज, तीन वरीसना पोऱ्यानी काय पाप करं व्हई?"

माउली हो, या प्रश्नापुढे पोथी एकदम उघडू नये. पण उघडायचीच झाली तर नीट उघडावी. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. ऋषी मौन धरून तप करीत होते. चोरांनी चोरीचा माल त्यांच्या आश्रमात दडवला आणि राजाच्या माणसांनी त्यांनाच चोर समजून सुळावर चढवले. प्राण गेला नाही. राजाला चूक कळली, त्याने क्षमा मागितली, पण सूळ बाहेर निघेना. तो कापावा लागला आणि टोक अंगातच राहिले. पुढे मांडव्यांनी यमधर्माच्या सभेत जाऊन विचारले की माझ्या कोणत्या कर्माचे हे फळ? धर्म म्हणाला, लहानपणी तुम्ही किड्यांच्या अंगात गवताची काडी खुपसली होती. त्यावर ऋषी संतापले. अजाण वयातल्या एवढ्याशा कृत्याला एवढा दंड? त्यांनी धर्मालाच मनुष्यजन्म घेण्याचा शाप दिला. तोच पुढे विदुर झाला, ज्याच्या घरी भगवंत जेवले. आणि ऋषींनी मर्यादा घालून दिली की 14 वर्षांपर्यंतच्या मुलाने काही केले तरी ते पाप धरले जाणार नाही.

आता कोणी अभ्यासू वारकरी म्हणेल, महाराज, ही मर्यादा या जन्मातल्या कर्माला आहे, पूर्वजन्मीचे संचित उरतेच. शंका बरोबर आहे आणि मी ती टाळत नाही. संचित, प्रारब्ध, क्रियमाण हे शास्त्राने सांगितले आहे आणि मी ते मानतो. पण गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंत स्वतः सांगतात की कर्माची गती गहन आहे. ज्या वहीचे पान आपल्यापैकी कोणी पाहिले नाही, त्या वहीतली नोंद शेजारणीने ओट्यावर बसून वाचून कशी दाखवली? कर्माचा विचार माणसाने स्वतःचे पाऊल जपण्यासाठी करायचा असतो. दुसऱ्याच्या दुखण्याचा पंचनामा करण्यासाठी तो सांगितलेला नाही. शिवाय, घराला आग लागली ती घरधन्याच्या प्रारब्धाने, असे धरले तरी घागर घेऊन धावणे आपल्याला सुटते का? मग दुखणे तेवढे प्रारब्ध आणि औषध, वैद्य, तपासणी हे मात्र प्रारब्धाच्या बाहेर, असे कोणी ठरवले?

ज्ञानोबारायांनी तेराव्या अध्यायात अहिंसेचे जे विवरण केले आहे, ते पुन्हा एकदा वाचावे. माउली तिथे नुसत्या मारण्याची गोष्ट करीत नाहीत. पाऊल कसे पडावे, दृष्टी कशी असावी, शब्द मुखातून बाहेर पडताना कसा दबकत यावा, इथपर्यंत त्या जातात. तळमळणाऱ्या लेकराच्या आईला "तुझ्या कर्माचे फळ" म्हणणे ही हिंसा आहे. गळ्यात तुळशीची माळ घालून केली म्हणून ती कमी होत नाही. आणि काही ठिकाणी ही हिंसा नुसती शब्दांची राहत नाही. मेळघाटात तान्ह्या मुलांच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. पोट फुगले, पोर रडले, की डंबा. दुखणाऱ्या जिवाला आणखी दुखवून कोणता देव प्रसन्न होतो ते मला कोणत्याही पोथीत सापडलेले नाही.

आपल्याला कारण माहीत नाही याचा अर्थ कारण नाही असा होत नाही. त्या बाईला मी आधी तपासणीला पाठवले, कारण तिने सांगितलेली लक्षणे मी सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावलकडे, पूर्वी ऐकली होती. पुढे रक्तात तेच निघाले: सिकलसेल. आपल्या रक्तातली तांबडी पेशी गोल आणि मऊ असते. या आजारात ती विळ्यासारखी वाकते, ताठर होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. पुढच्या भागाला रक्त पोचत नाही आणि तिथे कळ उठते. चांगली पेशी 120 दिवसांच्या आसपास टिकते, ही 10 ते 20 दिवसांत मोडते, म्हणून पोर फिकट दिसते. तान्ह्या बाळात पुष्कळदा पहिली खूण हातापायांच्या सुजेची असते. थंडी, ताप, कमी पाणी पिणे, अंगावर पडलेले श्रम यांनी कळ उसळते, मग ओसरते. म्हणून बघणाऱ्याला वाटते, काल मरणाचे रडले आणि आज खेळते, म्हणजे बाहेरचेच काहीतरी.

शिकागोच्या डॉक्टर हेरिकांनी हा आजार 1910 साली नोंदवला. आपल्या देशात 1952 साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो सापडला. त्याआधी किती पिढ्यांनी हे भोगले आणि त्याला नजर, करणी, पाप अशी नावे दिली असतील! 2023 च्या 1 जुलैला सरकारने याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, 2047 पर्यंतची मुदत ठेवून. शासकीय दवाखान्यात तपासणी होते, हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध मिळते. ताप आला तर अशा मुलाला घरी ठेवू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

इथे एक नवे संकट उभे राहते, ते सांगितले पाहिजे. डॉक्टर समजावतात की हा आजार आई आणि बाप दोघांकडून येतो. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भात चारात एक असा त्याचा संभव असतो. घरी येईपर्यंत या वाक्यातला बाप गळून पडतो आणि उरते ती आई. काल ती पूर्वजन्मीची पापी होती, आज रक्ताची दोषी झाली! बाबांनो, वारसा म्हणजे अपराध नव्हे. नाक जसे आले तसे हे आले.

बरे, सगळ्या दुखण्यांना नाव मिळतेच असेही नाही. पुष्कळ लेकरांचे पाय संध्याकाळी, रात्री दुखतात, सकाळी ती उड्या मारतात. डॉक्टर याला वाढीच्या कळा म्हणतात. शेक द्यावा, पाय चेपावेत. मात्र ताप, सूज, लंगडणे, एकाच पायाची कळ किंवा वजन उतरणे दिसले तर चेपत बसू नये. काहींचे पोट महिनोन् महिने दुखते आणि तपासणीत काही निघत नाही. तेव्हा घरचे म्हणतात, ढोंग करतो, शाळा नको म्हणून. तपासणीत काही निघाले नाही म्हणजे दुखत नाही, असा निकाल कसा देता येईल? मोठमोठे विद्वानही इथे फसले आहेत. अगदी अलीकडेपर्यंत तान्ह्या बाळाला वेदना नीट कळत नाही असे समजून नवजातांवर पुरेशा भुलीशिवाय शस्त्रक्रिया होत असत. 1987 साली ऑक्सफर्डला काम करणाऱ्या कन्वलजीत सिंग आनंद या भारतीय डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी येतो आणि ती अधिक चांगली सावरतात. त्यानंतर रीत पालटली. आईला हे आधीच ठाऊक होते, पण तिला विचारले कोणी?

आपल्याकडे कीर्तनकार गोरोबाकाकांचे आख्यान लावतात. चिखल तुडवताना लेकरू पायाखाली गेले तरी भजन सुटले नाही, इथे टाळ्या पडतात. तरुण कीर्तनकारांना माझी विनंती आहे, त्या वेळी समोर बायांच्या बाजूला पाहावे. कोणाची तरी मान खाली गेलेली असते. कथेत पुढे पंढरीला, नामदेवरायांच्या कीर्तनात, ते लेकरू रांगत परत येते. समोर बसलेल्या माउलीचे आलेले नसते. गोरोबांच्या पत्नीने जो आकांत केला, त्याबद्दल पांडुरंगाने तिला एका शब्दाने दटावल्याचे मी ऐकलेले नाही. उलट लेकरू तिच्या पदरात घातले. तेवढा भाग सावकाश सांगावा. नामदेव भांडले, जनाबाई भांडल्या. लेकरासाठी देवावर रागावलेल्या आईची भक्ती कमी पडली असे म्हणणाऱ्याने संतांची चरित्रे अर्धीच वाचली. विठोबाला आपण माउली म्हणतो. तिच्यापाशी "याचे दुखणे थांबव" एवढे मागणे सकाम ठरत असेल तर ठरो.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पण एकाच माणसाच्या गळ्यात सात दिवस ठेवतात का? पहारे लावतात, फळ्यावर नावे लिहितात, रात्री दोन ते चारचा पहारा कोणाचा ते गावाला पाठ असते. दुखणाईत लेकरू घेऊन जी बाई महिनोन् महिने जागते, तिच्या घरी पहारा कोणी लावला आहे का? भजनी मंडळात पंधरा माणसे असतात, त्यांच्या घरी बायामाणसे असतात. एकीने रात्री दोन तास पोर मांडीवर घ्यावे, हरिपाठ म्हणत बसावे, आईला झोपू द्यावे. जळगावला न्यायची वेळ आली तर गाडी कोणाची, सोबत कोण आणि घरच्या दुसऱ्या लेकरांना भाकरी कोण घालणार, हे त्याच फळ्यावर खाली लिहून ठेवावे.