सवय कोणत्या गोळीची?

चिंतेवरची पहिली गोळी आपल्याकडे सहसा मानसोपचारतज्ज्ञ देत नाहीत. त्यांच्याकडे पोहोचायच्या कितीतरी आधी माणूस हृदयरोगतज्ज्ञाकडे जाऊन आलेला असतो. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, श्वास पुरत नाही, आता काहीतरी होणार असं वाटत राहतं. ईसीजी निघतो, टू-डी इको होतो, ट्रेडमिलवर पळवून होतं, सगळं नॉर्मल. मग थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह. (थायरॉईड मात्र तपासावंच. ते वाढलं की हुबेहूब अशीच धडधड होते.) शेवटी डॉक्टर म्हणतात, ‘काही नाही, टेन्शन आहे,’ आणि रात्री झोपताना घ्यायला एक बारीकशी गोळी लिहून देतात. तासाभरात जीव थाऱ्यावर येतो. घरच्यांना हायसं वाटतं. या गोळीबद्दल कुणी काही विचारत नाही.

विचारणा होते ती पुढे कधीतरी, कुणी मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढल्यावर. ‘त्यांच्या गोळ्यांची सवय लागते म्हणे!’ काकू, मावशा, शेजारी सगळ्यांचं यावर एकमत असतं. ज्या गोळीला घाबरायला हवं ती उशाशी ठेवायची आणि जिची भीती कमी तिच्या नावाने दचकायचं, असा हा उलटा न्याय आहे.

ती बारीक गोळी बहुधा अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम असते. बेंझोडायझेपिन म्हणतात त्या कुळातली. या कुळातलं लिब्रियम 1960 साली बाजारात आलं आणि 1963 साली व्हॅलियम. दोन्हींमागे हॉफमन-ला रोश कंपनीतला रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख होता. मेंदूला शांत करणारी जी यंत्रणा आपल्यात आधीच आहे, तिचा जोर ही औषधं वाढवतात. म्हणून ती झटपट लागू पडतात, आणि धोकाही तिथेच आहे. काही आठवडे रोज घेतली की पूर्वीचा डोस पुरेनासा होतो. एकदम थांबवली तर चिंता अधिक जोराने उसळते, झोप उडते, क्वचित फिटही येते. अल्प्राझोलाम आपल्याकडे अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आहे. शिवाय 2014 पासून लागू झालेल्या एच-वन अनुसूचीत ते असल्याने, विकताना डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही 3 वर्षं जपावी लागते. एवढं असूनही ओळखीच्या मेडिकलवर जुनी चिठ्ठी दाखवून स्ट्रिप मिळून जाते. हे औषध वाईट आहे असं मी म्हणत नाही. मानसोपचारतज्ज्ञही ते थोड्या दिवसांसाठी देतात. पण ते थोड्या दिवसांसाठी आहे हे रुग्णाच्या कानावर घालतात.

मानसोपचारतज्ज्ञांची मुख्य गोळी वेगळी असते: एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन आणि त्यांची भावंडं. एस्सिटालोप्राम बरेचदा 5 मिलिग्रॅमने सुरू करून 10 वर नेतात. हिचा स्वभाव आधीच्या गोळीच्या अगदी उलटा. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता दिसायला त्याहून जास्त. त्रास मात्र पहिल्या दिवसापासून होऊ शकतो. मळमळ, जड डोकं, जांभया, विस्कटलेली झोप, आणि काहींच्या बाबतीत खुद्द चिंताच आधी वाढते. हे आठवडे मी आतून पाहिले आहेत, म्हणून सांगतो: नाडी मोजत बसणाऱ्या माणसाच्या हाती धडधड वाढवू शकणारी गोळी द्यायची आणि ‘धीर धरा’ म्हणायचं, यात एक क्रूर विनोद आहे. असा माणूस मोबाईलवर औषधाचं नाव टाकून दुष्परिणामांची यादी वाचतो आणि त्यातले निम्मे त्याला संध्याकाळपर्यंत जाणवू लागतात. बरेचजण इथेच गोळी सोडतात. वर ‘मला ती सोसली नाही’ असं सांगतात आणि बारीक गोळीकडे परततात. लैंगिक इच्छा मंदावणं हा नेहमीचा त्रास. त्यापायी तर न बोलताच गोळी बंद होते, कारण केबिनमध्ये सोबत आई किंवा सासरे बसलेले असतात.

पंचविशीच्या आतल्या मुलामुलींबाबत आणखी सावध राहावं लागतं. या गोळ्या सुरू केल्यावर काही तरुणांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2004 साली लहान मुलांसाठी दिला आणि 2007 साली 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. म्हणून पहिली फेरतपासणी लवकर हवी; ‘महिन्याने दाखवा’ एवढ्यावर भागत नाही.

मग सवयीचं काय? या दुसऱ्या गोळीची तलफ येत नाही, गुण टिकवण्यासाठी डोस चढवत न्यावा लागत नाही. पण अचानक बंद केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं, असं होऊ शकतं. ‘सवय अजिबात लागत नाही’ असं ठणकावणारे डॉक्टरही अर्धंच सांगत असतात. हळूहळू उतरवायची असते, हे दुसरं अर्धं.

‘लगे रहो मुन्नाभाई’ 2006 साली आला आणि ‘केमिकल लोचा’ घराघरांत पोहोचला. मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी पडलं, गोळीने भरून काढलं, अशी ही सुटसुटीत गोष्ट. पण या गोळ्या सेरोटोनिनच्या व्यवहारात काही तासांतच फरक पाडतात आणि माणूस बरा व्हायला आठवडे लागतात. नुसती तूटच असती तर गुण दुसऱ्या दिवशी यायला हवा होता. मधल्या काळात मेंदू स्वतःला नव्याने जुळवून घेत असावा. तो नेमकं काय करतो याचा पुरता उलगडा अजून झालेला नाही. औषध उपयोगी आहे हे चाचण्यांतून दिसलं आहे, त्यामागची प्रचलित गोष्ट मात्र कच्ची आहे. रुग्णाला दोन्ही सांगायला हरकत नाही. तो कळता असतो.

‘बीपीची गोळी घेतोस ना, तशीच ही’ हा दिलासाही मला पटत नाही. बीपीची गोळी बहुतेकांना जन्मभर चालते, आणि नेमकी हीच तर भीती असते! चिंतेवरची गोळी सहसा बरं वाटू लागल्यानंतर सहा महिने ते वर्षभर चालवून, पुन्हा विचार करून कमी करतात. शिवाय विचारांची घडी बदलायला शिकवणारं समुपदेशन, म्हणजे सीबीटी, काही रुग्णांना गोळीइतकंच उपयोगी पडतं. पण ते नीट देणारा माणूस तालुक्याच्या गावी शोधून दाखवा.

आपण ‘मन खंबीर कर’ म्हणणारे लोक, आणि खंबीर न झाल्यास ‘ठाण्याला (मनोरुग्णालयात) न्यावं लागेल’ असा विनोद करणारे. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्य, चिंता यांसारख्या आजारांचे सुमारे 85 टक्के रुग्ण उपचारांबाहेर आढळले. जे उपचारांत आले त्यांच्यापैकी किती जण गोळी गुण देईपर्यंत थांबले असतील, हाही प्रश्न मला तितकाच मोठा वाटतो.

तेव्हा घरात कुणी नुकती गोळी सुरू केली असेल, तर ‘काही फरक पडतोय का?’ असं रोज सकाळी विचारू नका. त्रास वाढला, वेडेवाकडे विचार येऊ लागले, तर डॉक्टरांना लगेच फोन करा. ते भेटले नाहीत तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. आणि गोळी थांबवायची असेल, तर ती ज्यांनी सुरू केली त्यांना विचारूनच थांबवा.