आधी कोणाचे पाश तोडावे?

दृष्टांत म्हणजे केवळ मनोरंजनार्थ सांगितलेली गोष्ट नव्हे. केसोबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात आधी सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक अशी त्रिविध रचना आहे. गोष्ट ऐकून श्रोत्याने मान डोलावली, एवढ्याने दृष्टांताचे कार्य संपत नाही. ती गोष्ट आपणांस कोठे लागू पडते हे त्यास उमगले पाहिजे. हीच रीत स्मरून येथे एका लौकिक कथेचा विचार करावयाचा आहे. कचेरी असो, कारखाना असो वा शाळा असो, चार माणसे एकत्र काम करू लागली की त्यांपैकी एकाकडे प्रमुखपण येते. संकटसमयी त्या प्रमुखाने आधी स्वतःस सोडवावे की सोबत्यांस, हा आपला प्रश्न आहे.

कथा नारायण पंडितांच्या हितोपदेशातील, मित्रलाभ प्रकरणाच्या आरंभीची आहे. गोदावरीतीरी एका पारध्याने तांदुळाचे कण विखरून त्यांवर जाळे पसरले. आकाशातून जाणाऱ्या कपोतांचा राजा चित्रग्रीव याने ते कण पाहिले व सोबत्यांस सावध केले. निर्जन अरण्यात तांदूळ येतील कोठून, अशी त्याची शंका होती. परंतु एका गर्विष्ठ कपोताने ती भित्रेपणाची ठरविली. लोभाने सर्व खाली उतरले आणि सर्वच अडकले. मग ज्याच्या सांगण्यावरून उतरले त्यास सर्व मिळून दूषण देऊ लागले. चित्रग्रीवाने त्यांस थांबविले आणि सर्वांनी एकचित्त होऊन जाळ्यासह उडावे असे सांगितले. ते उडाले, पारधी मागे धावला व शेवटी निराश होऊन परतला. पुढे गंडकीतीरी राहणारा मित्र हिरण्यक उंदीर चित्रग्रीवाचे पाश कुरतडावयास धावला, तेव्हा चित्रग्रीव म्हणाला की आधी माझ्या आश्रितांचे पाश तोड, मग माझे.

एकीचे बळ सांगण्यासाठी ही कथा नेहमी योजिली जाते, ते योग्यच आहे. पण ती एकी कशाने झाली, इकडे सहसा लक्ष जात नाही. कपोत जाळ्यात पडले तेव्हा त्यांच्यात एकी नव्हती, कलह होता. त्या क्षणी, ‘मी आधीच सांगितले होते’ असे म्हणण्याचा अधिकार एकट्या चित्रग्रीवास होता. त्याने तो वापरला नाही. ज्याचे म्हणणे खरे ठरले त्यानेच आपल्या खरेपणाचा हक्क सोडला, म्हणून दोषी कपोतासही इतरांबरोबर पंख उचलता आले. त्याचा अपमान चालू राहता तर त्याचे पंख जड झाले असते, आणि एकाचे पंख जड झाले की जाळे सर्वांनाच खाली ओढते.

येथे कोणी शंका घेईल की दोषच पाहावयाचा नाही तर शिस्त कशी राहील? समाधान असे की दोषविचार नाकारलेला नाही, त्याची वेळ बदलली आहे. जाळे अंगावर असता विचार उड्डाणाचा करावा. पाश तुटल्यावर चूक कोठे झाली हे अवश्य पाहावे. तेव्हाही ‘कोणी केली’ याहून ‘कशी घडली’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा असतो.

दुसरी शंका अधिक बिकट आहे आणि ती कथेत खुद्द हिरण्यकच काढतो. माझे दात कोमल आहेत, म्हणून आधी तुझे पाश तोडतो; दात राहिले तर इतरांचे तोडीन. शिवाय आधी आत्मरक्षण करावे ही नीती आहे, असे तो म्हणतो. हा पूर्वपक्ष पोकळ नाही. नायक नष्ट झाला तर समुदायही विखुरतो. चित्रग्रीव त्याची नीती खोटी म्हणत नाही. त्याच्या उत्तराचा आशय असा: जाती, द्रव्य, गुण या सर्वांत हे माझ्यासारखेच आहेत, आणि वेतनावाचूनही मला सोडून जात नाहीत. मग माझ्या प्रभुत्वाचे फळ त्यांस आज मिळाले नाही तर कधी मिळणार? हिरण्यक जो हिशेब सांगतो तो देहाचा आहे. चित्रग्रीवाचा हिशेब ऋणाचा आहे. अधिकार हे त्याच्या लेखी भूषण नसून देणे आहे, आणि ते देणे फेडण्याची वेळ संकटातच येते.

याच्या उलट चित्र पंचतंत्रातील भारुंड पक्ष्याचे. त्यास उदर एक आणि मुखे दोन. एका मुखास अमृतासमान फळ मिळाले. दुसऱ्याने वाटा मागितला तेव्हा पहिले म्हणाले, पोट एकच आहे, वेगळे खाण्याचे काय कारण? दुसऱ्याने पुढे सूडाने विषफळ खाल्ले आणि दोघेही मेले. ध्यानात घ्यावे की येथे ऐक्याची भाषा बोलणारा तोच आहे ज्याने गोडी एकट्याने चाखली. ‘यश संस्थेचे आहे’ हे वाक्य ज्यास मान मिळाला त्याच्या मुखी अशोभनीय वाटते, ते यामुळेच.

नित्य व्यवहारातही हा धर्म आपणांस ठाऊक आहे. पंगतीत यजमान शेवटी बसतो. मुंबईच्या डबेवाल्यांचा व्यवसाय १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केला, असे त्या व्यवसायाच्या इतिहासात सांगतात. आजही त्यांच्या प्रत्येक तुकडीस मुकादम असतो. तो तंटे मिटवितो, हिशेब पाहतो. पण तो त्याच कामातून वर आलेला असतो आणि एखादा गडी न आला तर त्याचे डबे पोहोचविण्यास स्वतःही निघतो. त्याच्या शब्दास वजन येते ते या निघण्यामुळे.

आता दार्ष्टांतिक, आणि ते प्रस्तुत लेखकाने स्वतःवरच घेतले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कचेरीत मी एका विभागाचा प्रमुख होतो. वार्षिक मालमोजणीचा तक्ता चुकीचा गेला. आकडा एका तरुण कारकुनाने लिहिला होता, पण तपासून सही मी केली होती. खरे तर तपासलाच नव्हता. वरिष्ठांनी खुलासा मागितला तेव्हा मी त्याचे नाव लिहून दिले. लिहिलेले अक्षरशः खरे होते. मी सुटलो, त्याची वेतनवाढ रोखली गेली. तो काहीच बोलला नाही. मात्र त्यानंतर माझ्या विभागात चुका होत, पण त्या मजपर्यंत येईनाशा झाल्या. सर्व जण आपापले कागद झाकून बसू लागले. आधी माझे पाश तुटले, आणि मी एकटाच मोकळा राहिलो.

निवृत्तीपूर्वी मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, “साहेब, आकडा माझाच चुकला होता.” त्या उत्तराने मला अधिकच लाज वाटली, कारण चित्रग्रीवाचे मन माझ्या ठायी नव्हते, ते त्याच्या ठायी होते.

कथेच्या शेवटी हिरण्यक चित्रग्रीवास सांगतो की जाळ्यात सापडलो म्हणून स्वतःस कमी लेखू नकोस. हे समजाविणे त्यास का भासावे? इतरांवरील दोष थांबविताना चित्रग्रीवाने तो स्वतःकडे घेतला असावा, म्हणूनच. प्रमुखाने संकटात शिरताना पुढे आणि सुटताना मागे असावे. क्रम उलटला तर पद राहते, नायकत्व राहत नाही. सुज्ञांनी आपापल्या जाळ्याशी हे ताडून पाहावे.